खाडीपलीकडची जत्रा

१९९३ साली मी सहावीत असताना आमच्या कल्याणच्या शाळेची सहल एस्सेल वर्ल्डला गेली होती. पाळण्यांपेक्षा मला आज अधिक स्पष्ट आठवते ती बोरिवलीच्या बाजूची गोराई जेट्टी, खाडीच्या चिखलाचा वास, आणि बोट पलीकडे पोचेपर्यंत आमच्या बाईंनी चाळीस मुलांची केलेली तीनदा मोजणी. आणखी एक गोष्ट आठवते. सहलीची वर्गणी ज्यांना परवडली नव्हती, अशा मुलांसाठी त्या दिवशी शाळा नेहमीप्रमाणे भरली होती. दुसऱ्या दिवशी 'सहलीचे वर्णन' हा निबंध मात्र सर्वांनाच लिहायचा होता.

मनोरंजन उद्यानाचा इतिहास लिहिताना आरंभ या न गेलेल्या मुलांपासून करावा असे मला वाटते. कारण जत्रेत 'न गेलेली मुले' असा वर्ग सहसा नसतो. जत्रा गावात येते, नदीकाठी किंवा देवळामागच्या माळावर उतरते. तिला तिथी असते, फाटक नसते. खिशात चार आणे असोत वा नसोत, आकाशपाळण्याखाली उभे राहून वर गेलेल्यांच्या किंकाळ्या ऐकता येतात, मौत का कुआँमधल्या मोटारसायकलीचा आवाज फुकट कानी पडतो, रेवड्यांच्या पालाभोवती घुटमळता येते. बघणे हाही जत्रेतला सहभागच असतो. उद्यानाने नेमके हेच बघणे तिकिटाच्या आत नेले.

या कुंपणाचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतले. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला समुद्रस्नान, खेळ आणि खाणावळी यांची उघडी गर्दी आधीपासून होती. १८९५ साली पॉल बॉयटनने तेथे 'सी लायन पार्क' उभारताना भोवती कुंपण घातले आणि दाराशी पैसे घेतले. १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यूचे 'स्टीपलचेस पार्क' निघाले. पण कोनी आयलंड खऱ्या अर्थाने श्रमिकांचे झाले ते १९२० मध्ये, जेव्हा पाच सेंटच्या भाड्यात भुयारी रेल्वे थेट तेथे पोचली. म्हणजे दारावरच्या तिकिटाइतकेच वाटेवरचे तिकीटही महत्त्वाचे. उद्यानात कोण येणार हे पाळण्यांवर कमी आणि रस्त्यावर अधिक ठरते, हा नियम पुढे आपल्याकडेही लागू पडलेला दिसतो.

आपल्याकडे १९८४ मध्ये दिल्लीत प्रगती मैदानावर 'अप्पू घर' सुरू झाले. १९८२ च्या आशियाई खेळांचा शुभंकर हत्ती, त्याचे हे नाव. २००८ मध्ये ते बंद झाले. ते शहराच्या मध्यावर होते. एस्सेल वर्ल्ड १९८९ साली उघडले ते मात्र शहराच्या कडेला, किंबहुना शहराच्या पलीकडे. गोराई, मनोरी, उत्तन ही गावे ज्या धारावी बेटावर वसली आहेत, ते बेट (झोपडपट्टीच्या धारावीशी याचा संबंध नाही) मराठी वाचकाला भेटलेच असेल तर वसईच्या मोहिमेच्या बखरीत, चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये घेतलेल्या धारावीच्या ठाण्याच्या निमित्ताने. तेथली वस्ती कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकऱ्यांची. मुंबईहून जायचे तर गोराईहून किंवा मार्व्याहून बोट, नाहीतर भाईंदरला वळसा घालून उत्तनचा रस्ता. अशा जागी स्वस्तात जमीन मिळते हे खरे, पण गिऱ्हाईक मिळणे कठीण.

ही जोखीम घेणारे सुभाष चंद्र मूळचे हरियाणातल्या हिसारकडचे. धान्याचा घराणा व्यवसाय, ऐंशीच्या दशकारंभी सोव्हिएत संघाला तांदळाची निर्यात, मग टूथपेस्टसारख्या वस्तूंच्या नळ्यांचे वेष्टन, आणि मग हे उद्यान. तांदळातून पाळण्याकडे झालेला हा प्रवास विचित्र वाटेल, पण पुढचे पाऊल त्याहून मोठे होते. २ ऑक्टोबर १९९२ रोजी याच गृहस्थांची झी वाहिनी सुरू झाली.

या दोन घटनांमध्ये तीनच वर्षांचे अंतर आहे, आणि माझ्या मते आपल्या करमणुकीच्या इतिहासातला कळीचा मुद्दा तोच आहे. अमेरिकेत क्रम उलटा होता. वॉल्ट डिस्नेला १९५५ चे डिस्नेलँड उभारायला भांडवल हवे होते; एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ते काही अंशी पुरवले आणि मोबदल्यात डिस्नेचा साप्ताहिक कार्यक्रम मिळवला. तेथे पडद्याने उद्यान बांधले. येथे उद्यानवाल्याने पडदा आणला, आणि पडद्याला खाडी ओलांडावी लागत नव्हती. घरी परतायला नकार देणाऱ्या मुलाचे एस्सेल वर्ल्डचे जाहिरातगीत आमच्या पिढीला पाठ होते. पण त्याच काळात घराबाहेर न पडता पाहण्यासारखे इतके काही घरात येऊ लागले होते की करमणुकीसाठी बाहेर जाण्याची सवयच बदलत गेली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली तेव्हा ती करमणूक आपल्या भाषेतही बोलू लागली. न गेलेल्या मुलांना, निदान ज्यांच्या चाळीत केबल पोचली त्यांना, फाटकाबाहेरून पुन्हा काहीतरी बघायला मिळाले. जत्रेतले बघणे आणि हे बघणे एक नव्हे, हे मला मान्य आहे. तरी झीचा इतिहास लिहिणारे उद्यानाला उद्योजकाच्या चरित्रातला एक उपपरिच्छेद समजतात, ते मला पटत नाही.

उद्यान वाढत गेले. १९९८ मध्ये शेजारी 'वॉटर किंगडम' आले. समूहाने दिलेल्या लगतच्या जमिनीवर विपश्यना पॅगोडा उभा राहिला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचे उद्घाटन केले. एकात एक गुंतवलेल्या दगडांचा, आत एकही खांब नसलेला तो घुमट आठ हजार साधकांना पुरेल एवढा आहे. एका बाजूला पैसे देऊन ओरडायचे, दुसऱ्या बाजूला फुकट गप्प बसायचे, असा हा शेजार. मला तो विसंगत वाटत नाही. दोन्हीकडे माणूस शहर मागे टाकूनच येतो.

बेटावरच्या गावांना मात्र शहर मागे टाकायचे नव्हते, त्यांना शहराशी नीट जोडले जायचे होते. पण आपल्या अटींवर. गोराई-मनोरी-उत्तन भागात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा प्रस्ताव २००० नंतरच्या दशकात पुढे आला, तेव्हा कोळी आणि शेतकरी त्याविरुद्ध उभे राहिले आणि तो प्रस्ताव बारगळला. ज्यांच्या दारात जत्रा कायमची येऊन बसली त्यांनी तिचा आणखी विस्तार नाकारला, ही नोंद उद्यानांच्या कौतुकलेखांत सहसा सापडत नाही.

पुढे रस्त्याचा नियम पुन्हा खरा ठरला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ 'इमॅजिका' उघडले. मनमोहन शेट्टी यांनी ते उभारले. त्यांचा मूळ उद्योग ॲडलॅब्स, म्हणजे चित्रफिती धुण्याची प्रयोगशाळा. २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले, ज्यांचे नाव महाराष्ट्राला गाय छाप जर्द्यामुळे ठाऊक आहे. तांदूळ, चित्रफीत, तंबाखू! पाळण्यांमागचे भांडवल कोठून आले हे पाहिले तर महाराष्ट्राच्या अर्धशतकाचा एक छोटा आर्थिक इतिहास हाती लागतो. इमॅजिकाला बोट लागत नाही. मोटार मात्र लागते, किंवा सहलीची बस. २०२० च्या टाळेबंदीत सगळीच उद्याने बंद पडली. गोराईला पाण्याचे खेळ पुढे पुन्हा सुरू झाले, पण आमच्या सहलीतल्या त्या जुन्या पाळण्यांना पूर्वीचे दिवस आले नाहीत.

आता महाविद्यालयाच्या सहलीची वर्गणी गोळा करण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या वर्षी इमॅजिकाला गेलो. यादी सूचनाफलकावर लावली, तेव्हा वर्गातली अकरा नावे तीत नव्हती. परतल्यावर मी निबंध लिहायला सांगितला नाही.