ढमढेरे, माल्कम आणि हेबियस कॉर्पस

माणूस उचलून नेलाय आणि पोलीस ताकास तूर लागू देत नाहीत, तेव्हा वकील सांगतो, ‘हेबियस टाकू.’

मध्ययुगीन इंग्लंडात या लॅटिन हुकमाचा सुटकेशी काडीचाही संबंध नव्हता. अमक्याचा देह कोर्टापुढे आणा, एवढंच राजाच्या अधिकाऱ्याला फर्मान. पुढे त्याच हुकमाने जेलरला जाब विचारला जाऊ लागला: याला कशाच्या आधारावर कोंडलंय? १६७९च्या कायद्याने त्याला धार आली. (मतं मोजताना एका लठ्ठ उमरावाला थट्टेने दहा धरलं, म्हणून हा कायदा पास झाला, अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, सांगितल्यावाचून राहवत नाही.)

आपल्याकडे या हुकमावरून मोठी जुंपली ती १८२८ साली. मोरो रघुनाथ हा अल्पवयीन मुलगा पुण्यात चुलत आजोबा पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांच्या ताब्यात होता. त्याला हजर करा, असं मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने फर्मावलं. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षं झालेली. दख्खनच्या बड्या घराण्यांना दुखवायचं नाही, हे ईस्ट इंडिया कंपनीचं धोरण. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी हुकमाची अंमलबजावणी होऊच दिली नाही. तिघांपैकी दोन न्यायाधीश त्याच वर्षी वारले. मागे उरले सर जॉन पीटर ग्रँट. हुकूम कोणी मानणारच नसेल तर कोर्ट चालवायचं कशाला, म्हणून त्यांनी १ एप्रिल १८२९ रोजी कोर्टालाच टाळं ठोकलं! कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे लॉर्ड एलनबरो यांनी माल्कमना खाजगीत कळवलं, की नवे दोन न्यायाधीश धाडतो, दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये हा रानहत्ती वठणीवर येईल. पत्र फुटलं आणि बोभाटा झाला. निकाल मात्र माल्कमच्याच बाजूने लागला: मुंबई बेटाबाहेर, कोर्टाच्या अखत्यारीत नसलेल्यांवर हा हुकूम चालणार नाही, असं प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं.

१९५० साली संविधानाच्या अनुच्छेद २२६ने हायकोर्टाचा हात राज्यभर पोचवला. मराठी संविधानात या हुकमाचं नाव आहे ‘देहोपस्थिती’. आणीबाणीत स्थानबद्धांचे असे अर्ज अनेक हायकोर्टांनी ग्राह्य धरले. सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने ती वाट बंद केली. विरोधात एकटे न्या. खन्ना. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंत चंद्रचूड होते. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे हा निकाल मोडीत निघाला, तेव्हा तसं लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.