वक्रपृष्ठांचे गणित : गुप्तता आणि श्रेय

जहाजबांधणीत वक्र आकार आखण्यासाठी लवचीक लाकडी पट्ट्या वजनांनी दाबून वाकवीत आणि त्यांच्या कडेने रेषा ओढीत. विमान व मोटारगाडी यांच्या कारखान्यांतही ही पद्धत रूढ झाली. तीत दोष असा की, रेखाचित्र, प्रतिकृती आणि पोलादी साचा या क्रमाने आकार पुढे नेताना प्रत्येक टप्प्यावर थोडा फरक पडे व मूळ आकार कोणता, याविषयी वाद उद्भवे. १९४४ साली रॉय लायमिंग यांनी विमानाच्या आकारासाठी शांकव वक्रांच्या गणिताचा पुरस्कार करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि मुक्त आकारांचा प्रश्न त्याने सुटला नाही.

तो फ्रान्समध्ये सुटला. सित्रोएन कंपनीतील गणितज्ञ पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ च्या सुमारास असे दाखविले की, मोजके बिंदू घेऊन त्यांना जोडणारे रेषाखंड एकाच प्रमाणात पुनःपुन्हा विभागीत गेल्यास इष्ट वक्रावरील बिंदू मिळतो. कंपनीने हे संशोधन गुप्त ठेवले. रेनो कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे तेच साध्य गाठले. त्यांची ‘युनिसर्फ’ पद्धती प्रसिद्ध झाली आणि वक्रांना त्यांचे नाव मिळाले. हे वक्र १९१२ मधील बर्नस्टाइनच्या बहुपदींनी मांडता येतात, हे पुढे स्पष्ट झाले. व्होल्फगांग ब्योम यांनी द कास्तेलजो यांचे अहवाल उजेडात आणल्यावर, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, त्यांच्या रीतीला त्यांचे नाव लाभले.

बहुपदींनी वर्तुळ मात्र तंतोतंत रेखाटता येत नाही. १९७५ मध्ये केन व्हर्स्प्रिल यांनी आपल्या प्रबंधात परिमेय बी-स्प्लाइनचा अभ्यास मांडला. त्या रूपात शांकव आणि मुक्त वक्र एकाच सूत्रात बसतात. म्हणून संगणकीय आरेखनात पुढे तेच रूप प्रमाण ठरले.

तथापि सूत्र अचूक असले म्हणजे पृष्ठ उत्तम होतेच असे नाही. दोन पृष्ठखंडांची कड जुळली, स्पर्शरेषाही जुळल्या, तरी वक्रता न जुळल्यास सांध्यावर दिव्याचे प्रतिबिंब मोडलेले दिसते. म्हणूनच आजही आरेखक संगणकाच्या पडद्यावर प्रतिबिंबांच्या पट्ट्या पाहून पृष्ठाची परीक्षा करतात. गणिताने आकाराविषयीचा वाद मिटविला; कारागिराच्या नजरेचे काम मात्र संपविले नाही. श्रेयाच्या बाबतीत, शोध आधी लागूनही तो अप्रकाशित राहिल्यास वक्राचे नाव दुसऱ्याच्या वाट्यास जाते, हे या इतिहासावरून दिसून येते.