प्राणायाम आणि दमा : लोणावळ्याच्या प्रयोगशाळेपासून पुढे

दम्यावर प्राणायाम हा उपाय किती जुना, असं कुणी विचारलं की आपण पटकन म्हणतो, हजारो वर्षांचा. आज हे उत्तर जरा तपासून बघू या.

दम्याची ओळख आपल्याकडे नक्कीच जुनी आहे. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला तमकश्वास म्हणजे जवळजवळ आपला दमाच. आडवं झालं की धाप वाढते, उठून बसलं की जरा बरं वाटतं, ढगाळ आणि गार हवेत त्रास बळावतो. घरात दमेकरी असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. पण चरकाचे उपाय बघा : तेल लावून शेक, वमन, औषधी धूर. श्वासाचे व्यायाम त्यात नाहीत.

बरं, आता योगग्रंथांकडे वळू. स्वात्मारामाची हठप्रदीपिका साधारण पंधराव्या शतकातली. नीट केलेल्या प्राणायामाने सगळे रोग जातात, असं ती म्हणते खरी. पण लगेच पुढे बजावते की चुकीच्या अभ्यासाने उचकी, श्वास आणि खोकला जडतो. श्वास म्हणजे धाप, बरं का! सिंह किंवा हत्ती जसा हळूहळू माणसाळवतात तसा वायू आवरावा, असा तिचा सल्ला. हा इशारा आपण सोयीने विसरतो.

मग ‘दम्यासाठी प्राणायाम’ हा रुग्णाला लिहून द्यायचा उपचार कधी झाला? तो विसाव्या शतकातला आहे, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या लोणावळ्याचा आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म 1883चा. बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले, नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे योग शिकले, अमळनेरला शिक्षक होते. 1924 साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केलं. योगक्रियांची क्ष-किरण चित्रं, दाबाची मोजमापं त्यात छापून येत. योगी माणूस यंत्राला घाबरत नव्हता, हे आपल्याला फार महत्त्वाचं वाटतं.

प्राणायामाने जास्त ऑक्सिजन मिळतो, हा समज तेव्हाही होता, आजही सकाळी बागेत ऐकू येतो. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले आणि सांगितलं की प्राणायामाचं मोल जादा ऑक्सिजनमध्ये नाही. ते मज्जासंस्थेवरच्या परिणामात शोधायला हवं. स्वतःच्या शास्त्राची लोकप्रिय जाहिरात स्वतःच खोडून काढायची, याला धारिष्ट लागतं. आणि ते बरोबरच होते. निरोगी माणसाच्या धमनीतलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातही 95 टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. आणखी भरणार कुठे?

दम्याची अडचण तर वेगळीच असते. श्वासनलिका आतून सुजतात, आवळतात, आणि हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं जड जातं. माणूस घाबरतो, भराभर श्वास घेतो, आधीची हवा पुरती निघालेली नसते, छाती फुगलेलीच राहते. लांब, सावकाश उच्छ्वासाचा उपयोग इथे समजतो. पण घाबरणं आणि घाई त्याने आटोक्यात येते. सूज त्याने उतरत नाही.

तेव्हाच्या रुग्णाकडे दुसरं होतं तरी काय? अ‍ॅड्रेनॅलिनची सुई, एफेड्रिन, आणि चक्क धोतऱ्याच्या सिगारेटी! साल्ब्युटामॉलचा पंप आला 1969च्या सुमारास, सूज कमी करणारा स्टिरॉइडचा पंप 1972 मध्ये. 1960च्या दशकात कैवल्यधामात दमेकऱ्यांवर यौगिक उपचारांचा अभ्यास झाला तो या पंपांच्या आधी, हे लक्षात ठेवलं म्हणजे त्या कामाकडे नीट बघता येतं.

पुढच्या तीन चाचण्या थोडक्यात. 1985 साली बंगळूरच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांनी 53 रुग्णांना योग शिकवला, तेवढ्याच रुग्णांशी तुलना केली. झटके आणि औषधं दोन्ही कमी झाली. पण योग करणाऱ्याला आपण योग करतोय हे कळतंच, मग मनाचा परिणाम वेगळा कसा काढायचा? 1990 साली नॉटिंगहॅममध्ये यावर छान युक्ती निघाली. श्वास आणि उच्छ्वास एकास दोन या प्रमाणात घडवणारं उपकरण, आणि दिसायला तसंच पण नकली दुसरं. सौम्य दम्याचे 18 रुग्ण. नलिकांचा चिडकेपणा खऱ्या उपकरणाने कमी झाला, फुंकण्याची ताकद मात्र लक्षणीय वाढली नाही. ब्रिस्बेनमध्ये 39 जणांवर रशियन डॉक्टर बुतेइको यांची कमी श्वास घेण्याची पद्धत तपासली, निकाल 1998चा. आराम देणारा पंप पुष्कळ कमी लागला. फुफ्फुसाच्या मोजमापात फरक नाही.

म्हणजे रुग्णाला बरं वाटतं हे खरं, आणि नलिका तशाच राहू शकतात हेही खरं. व्याख्यानानंतर हमखास विचारतात, ‘मग पंप सोडू का?’ या चाचण्यांतून तरी तसं निघत नाही. बरं वाटलं म्हणून सुजेचा पंप बंद केला की सूज आत वाढत राहते, आणि पुढचा झटका रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला लावतो. जोरजोरात कपालभाती करणाऱ्या दमेकऱ्याला तर तिथल्या तिथेच धाप लागू शकते. भराभर आत-बाहेर होणाऱ्या हवेने नलिका कोरड्या पडून आवळतात. हठप्रदीपिकेतली ती उचकी, श्वास आणि खोकल्याची यादी पुन्हा एकदा काढून वाचा.