पगाराच्या आधी दरवाजा

मागच्या रविवारी मनीषनगरात माझ्या खोलीवर आठ-दहा पोरं जमली होती. एक डिप्लोमावाला म्हणाला, "काका, एका कामाले एकच पगार भेटते. पगारपत्रकावर कुठं जात लिहून राहते? मंग कामगारात जात कायले आणता?" तेवढ्यात वर्ध्याकडची गाडी धडधडत गेली. मी म्हटलं, बापू, उत्तर त्या रुळावरच आहे.

मित्रहो, हा रूळ १८६७ साली नागपूरला पोचला. जीआयपी रेल्वेचा. याच रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू, हे त्यांनी तिथंच सांगितलं. तेवढं आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात रेल्वेतल्या जागांचा हिशेब आहे, तो आपण वाचत नाही. दलित माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो, आणि अस्पृश्य घरात चालत नाही! आता सांगा, गँगमनचा पगार जात पाहून कापायची गरजच काय होती? वरची जागाच बंद होती.

मुंबईच्या गिरण्यांत तेच. विणखात्यात पगार जास्त, तिथं आपल्याला मज्जाव. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. आपल्या तोंडचा धोटा सवर्ण विणकराला विटाळाचा. म्हणून आपण रिंग खात्यात, कमी पैशात. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनपुढं ठेवला. दार मालकाचं होतं, पण त्याला कडी लावणारा हात कामगाराचाही होता. हे कडू आहे, पण खरं आहे.

"ते जुनं झालं," पोरगा म्हणाला.

जुनं झालं? २००७ साली आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाला १ धरली, तर दलित नावाला ०.६७ निघाली. त्याच वर्षी माधेश्वरन आणि अ‍ॅटवेल यांनी शहरातल्या पगारी नोकऱ्यांचे सरकारी आकडे तपासले. बरोबरीची पात्रता असूनही अनुसूचित जाती-जमातींना भेदभावापोटी १५ टक्के कमी पगार. आणि त्यात मोठा वाटा कोणता? एकाच कामाला कमी पैसे देण्याचा नाही. चांगल्या कामापर्यंत पोचूच न देण्याचा. १९३८ चा हिशेबच पुन्हा निघाला.

कायदा काय करतो? किमान वेतनाचं विधेयक बाबासाहेबांनीच मजूरमंत्री असताना १९४६ साली मांडलं, १९४८ ला कायदा झाला. त्यानं तळाच्या माणसाला आधार दिला. १९७६ चा समान वेतनाचा कायदा आला, तो बाई आणि पुरुष यांच्यापुरता. २०१९ च्या वेतन संहितेतही भेदभावाची मनाई लिंगापुरतीच आहे. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं. खाजगी कंपनीच्या दारावर जात विचारली जाते का, हे बघायला कोणी उभा नाही. आणि सरकारी काम ठेकेदाराकडं गेलं की तेही त्याच दाराआड जातं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, नुसती पगारवाढ मागून भागणार नाही. आपापल्या कामाच्या ठिकाणी एक वही करा. कोणत्या खात्यात कोण? कायम कोण, ठेक्यावर कोण? झाडू कोणाच्या हातात, सुपरवायझरची खुर्ची कोणाच्या बुडाखाली? ती वही घेऊन युनियनच्या मीटिंगला जा. तिथं कोणी म्हणालं की जात आणू नका, तर वही उघडा. जात आपण आणली नाही, ती हजेरीपटावर आधीच बसली आहे.

पोरं निघाली. डिप्लोमावाला मागं राहिला. हळूच म्हणाला, "काका, चाळीस अर्ज केले. एकाचंही बोलावणं नाही. मले वाटे माझं इंग्रजीच कच्चं आहे."

असंल कच्चं. पण सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊन गप्प बसू नको, बाप्पा. वहीच्या पहिल्या पानावर तुझेच चाळीस अर्ज लिही.

जयभीम!