परिशिष्टें : ग्रंथांतलीं व कायद्यांतलीं

ग्रंथ वाचतांना आपण प्रस्तावना चाळतों, मुख्य भाग मन लावून वाचतों आणि परिशिष्टापाशीं आलों म्हणजे पुस्तक मिटतों. महत्त्वाचें तें आधीं येऊन गेलें, अशी आपली समजूत असते. शब्दाची व्युत्पत्तीही त्या समजुतीला अनुकूल आहे. ‘शिष्’ म्हणजे उरणें. त्याच धातूपासून ‘शेष’ हा शब्द झाला आणि ‘परिशिष्ट’ हाही त्याचाच भाऊबंद. पंगत उठल्यावर पातेल्यांत राहतें तें शेष, ग्रंथ लिहून झाल्यावर राहतें तें परिशिष्ट! परंतु या उरल्यासुरल्या भागानें प्रथम विद्येच्या प्रांतांत आणि पुढें राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारांत केवढें स्थान मिळविलें, त्याचा थोडासा इतिहास आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे. ही वाट वेदांपासून निघून नव्या मुंबईच्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत जाते.

आपल्याकडे ही कल्पना फार जुनी आहे. अथर्ववेदाला जोडलेलीं परिशिष्टें बहात्तर असून त्यांत नक्षत्रें, शकुन, राजाचे विधि असा नाना प्रकारचा मजकूर आहे. ऋग्वेदाच्या मागें खिलसूक्तें आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं घरोघर श्रीसूक्त म्हटलें जातें. तें दहा मंडलांच्या मुख्य संहितेंतलें नसून खिलांतलें आहे, हें म्हणणाऱ्यांपैकीं कितीकांना ठाऊक असतें? हरिवंश हाही महाभारताचा खिलच. पण गोकुळांतला कृष्ण ज्याला पाहावयाचा आहे, त्याला अठरा पर्वें ओलांडून तेथेंच जावें लागतें.

अलीकडच्या काळांत परिशिष्टाचा सर्वांत जबाबदारीनें उपयोग कोणीं केला असेल, तर तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें, असें माझें मत आहे. १९१९ सालीं या संस्थेनें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे त्याचे प्रमुख संपादक झाले. एकंदर कामांत १२५९ हस्तलिखितांचा उपयोग झाला. काश्मीरची पोथी एक सांगते, मलबारची दुसरें सांगते. एका पोथींत जी कथा आहे ती दुसरींत मुळींच नाहीं. अशा वेळीं संपादकानें काय करावें? सगळें ठेवावें तर ग्रंथाचें गाठोडें होतें. टाकून द्यावें तर ज्या कथेवर पिढ्यान् पिढ्या श्रद्धा ठेवीत आल्या, ती नाहींशी केल्याचा दोष येतो. सुकथनकरांनीं तिसरा मार्ग धरला. ज्या मजकुराला प्राचीन पोथ्यांचा आधार नाहीं, त्यांतले लहान उतारे त्यांनीं तारांकित करून पानाच्या तळाशीं दिले आणि मोठे उतारे परिशिष्टांत छापले.

व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहावें, ही आपणां सर्वांची आवडती कथा १९३३ सालीं पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या खंडांत अशीच परिशिष्टांत गेली. गणेशोत्सव जेथें सार्वजनिक झाला त्या पुण्यांत बसून गणपतीला मुख्य संहितेबाहेर बसविणें, हें लहानसहान धाडस नव्हे! पण ही हकालपट्टी नव्हती. परिशिष्टांत गेलेला श्लोक तेथें अक्षरशः, पाठभेदांसह उभा आहे. संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नसेल, त्याला आपली बाजू मांडण्याचें सर्व साहित्य संपादकानें स्वतःच हातांत दिलें आहे. विरोधकाची इतकी सोय करणारा न्यायाधीश क्वचितच आढळेल. सुकथनकर १९४३ सालीं वारले. अठरा पर्वें १९६६ सालीं पुरीं झालीं. पुढें परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं हरिवंश संपादिला, त्याचा पहिला खंड १९६९ सालचा आणि १९७१ सालचा दुसरा खंड केवळ परिशिष्टांचा! मुळांत परिशिष्ट असलेल्या ग्रंथाला खंडभर परिशिष्टें लागावीं, यांतली गंमत त्या गंभीर पंडितांच्याही ध्यानांत आली असेल.

कोशांची गोष्ट थोडी निराळी. तेथें प्रश्न संशयाचा नसून काळाचा असतो. मोल्सवर्थसाहेबांच्या १८३१ सालच्या मराठी कोशांत सुमारें चाळीस हजार शब्द होते, ते १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत साठ हजारांवर गेले. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांत निघाला आणि १९५० सालीं त्याला पुरवणीचा विभाग जोडावा लागला. भाषा कोशकारासाठीं थांबत नाहीं, म्हणून कोशाला मागचें दार उघडें ठेवावें लागतें.

ग्रंथांतलें परिशिष्ट असें मुख्य मजकुराच्या आश्रयानें राहतें. कायद्यांत मात्र हें नातें उलटें होतें, आणि वन्य प्राण्यांच्या कायद्यांत तर फारच. ‘संरक्षित प्राण्यास मारूं नये’ एवढें कलम लिहिणें सोपें. परंतु संरक्षित कोण, हें मागें जोडलेली यादी सांगते. १९०० सालीं आफ्रिकेंतील वन्य प्राण्यांसाठीं लंडन येथें युरोपीय सत्तांनीं एक करार केला. त्याला पांच याद्या होत्या आणि पांचवींत ज्यांची संख्या कमी करावयाची असे प्राणी होते. सिंह, बिबळ्या, तरस, मगर हे सारे त्यांत! तो करार कधीं अंमलांत आलाच नाहीं. हिंदुस्थानांतील १९१२ च्या कायद्याच्या यादींत तितर, लावे, हरणें, गवे, ससे अशीं शिकाऱ्याच्या सोयीचीं नांवें आहेत. वाघाचें नांव नाहीं. कलमें तींच ठेवून केवळ यादी वाचली, तरी त्या काळचें राज्य कोणाचें होतें हें समजतें. १९५१ सालीं मुंबई राज्यानें याबाबत स्वतःचा कायदा केला आणि १९७२ सालीं सबंध देशासाठीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्याला आरंभीं पांच अनुसूच्या होत्या, पुढें त्या सहा झाल्या.

दुसऱ्याच वर्षीं, ३ मार्च १९७३ रोजीं, वॉशिंग्टन येथें दुर्मिळ प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीं करार झाला. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘सायटीस’ म्हणतात. तो १ जुलै १९७५ पासून अंमलांत आला, भारत १९७६ सालीं त्यांत सामील झाला आणि १९८१ सालीं त्याची तिसरी परिषद दिल्लीस भरली. कराराचीं कलमें पंचवीस आणि परिशिष्टें तीन. पहिल्यांत जे जीव नष्ट होण्याच्या काठावर आहेत ते. त्यांचा व्यापारी हेतूनें देशादेशांतला व्यवहार बंद. दुसऱ्यांत असे जीव कीं ज्यांचा व्यापार मोकाट सोडला तर तशीच वेळ येईल. ते पाठवावयाचे तर निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो, आणि या व्यापारानें जातीला धोका नाहीं असें शास्त्रज्ञांनीं सांगितल्यावांचून तो परवाना देतां येत नाहीं. तिसऱ्यांत एकेका देशानें आपल्यापुरतीं इतरांचें साह्य मागून घातलेलीं नांवें. आपला मुंगूस तेथें भारताच्या विनंतीवरून बसला आहे.

आतां पाहा, या कराराच्या कलमांत अर्धशतकांत दोनच दुरुस्त्या झाल्या, एक बॉन येथें १९७९ सालीं आणि दुसरी गाबोरोनी येथें १९८३ सालीं. उलट परिशिष्टें दर दोन-तीन वर्षांनीं बदलतात. हजर राहून मत देणाऱ्या राष्ट्रांपैकीं दोन-तृतीयांश अनुकूल झालीं, म्हणजे नव्वद दिवसांनीं नवी यादी लागू होते. ज्या राष्ट्राला ती नको असेल, त्यानें त्याच नव्वद दिवसांत हरकत नोंदवून त्या जीवापुरतें बाहेर राहावें, अशी पळवाटही आहे. माझ्या दृष्टीनें हा करारांतला दुबळा सांधा होय. आफ्रिकेंतला हत्ती १९८९ सालीं पहिल्या परिशिष्टांत आला. झांजीबारचे सुळे एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या बाजारांत येत, कांहीं बांगड्या होऊन राजपुतान्यांत व काठेवाडांत जात, कांहीं पुढें लंडनला रवाना होत. तो सगळा जुना व्यापार अशा एका ओळीखालीं गाडला गेला.

आतां न्हावा-शेव्याकडे येऊं. न्हावा आणि शेवा हीं त्या भागांतलीं गांवें. तेथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालच्या मे महिन्यांत सुरू झालें आणि भारतांतल्या कंटेनर-वाहतुकीचें एक मुख्य दार बनलें. या दारांत महसूल गुप्तवार्ता खात्यानें वारंवार पकडलेला माल म्हणजे रक्तचंदन. आपल्या घरांत रक्तचंदनाची बाहुली असते. सूज आली कीं ती सहाणेवर उगाळून लेप देतात. नांवांत चंदन असलें तरी हें झाड चंदनाच्या कुळांतलें नव्हे, त्याला तो वासही नाहीं. तें रानटी अवस्थेंत वाढतें तें आंध्रांतल्या कडप्पा, चित्तूर या बाजूच्या डोंगरांत, आणि त्याच्या तांबड्या लांकडाला चीन-जपानकडे फर्निचर व वाद्यें यांसाठीं मोठी किंमत येते. कागदावर भलत्याच मालाचें नांव लिहून ओंडके पेट्यांत भरतात. १९९५ सालीं हें झाड दुसऱ्या परिशिष्टांत आलें; तेव्हांपासून तो ओंडका केवळ आपल्या देशाच्या बंदीचा विषय राहिला नाहीं, तर पलीकडच्या बंदरांतल्या कस्टम अधिकाऱ्यालाही त्याचा परवाना मागतां येऊं लागला.

परिशिष्टांतल्या नांवापुढें आणखी एक बारीक टीप असते, आणि कित्येकदां सगळें त्या टिपेवर अवलंबून असतें. वनस्पतीचा कोणता भाग नियमांत येतो, ओंडका कीं भुकटी कीं तयार वस्तू, तें ती सांगते. शिसमाचा सबंध गण २०१७ च्या आरंभीं दुसऱ्या परिशिष्टांत लागू झाला, तेव्हां कोरीव काम करून परदेशीं धाडणारे कारागीर अडचणींत आले. २०२२ सालीं पनामाच्या परिषदेंत खुलासा झाला कीं दहा किलोंपेक्षां कमी वजनाचा प्रत्येक नग असेल, तर असे कितीही नग एका खेपेंत या परवान्यावांचून जावेत. हजारों घरांची चूल एका तळटिपेच्या अर्थावर पेटते, ती अशी.

आणि येथेंच कोश व कायदा एकमेकांना येऊन मिळतात. परिशिष्टांतलें नांव नेमकें कोणत्या जीवाचें, हें ठरविण्यासाठीं करारानें ठराविक संदर्भग्रंथ प्रमाण मानले आहेत. सस्तन प्राण्यांसाठीं विल्सन व रीडर यांचा नामकोश त्यांतला एक. शास्त्रज्ञांनीं नांव बदललें कीं कायद्याला त्यांच्या मागून जावें लागतें.

भारतांत तर हीं परिशिष्टें देशाच्या कायद्यांत शिरावयास फार वेळ लागला. तोंवर कस्टमच्या व परदेशी व्यापाराच्या कायद्यांनीं काम भागविलें जाई. २०२२ च्या दुरुस्तीनें वन्यजीव कायद्याच्या अनुसूच्या सहांच्या चार झाल्या आणि चौथी खास या कराराच्या परिशिष्टांसाठीं राखली गेली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सामील झाल्यापासून शेहेचाळीस वर्षें!

त्याच पनामाच्या परिषदेंत भारतानें आपल्या एका कासवासाठीं प्रस्ताव मांडला. मऊ पाठीचें हें कासव फक्त दक्षिण भारतांतल्या नद्यांत सांपडतें. १८७२ सालीं जॉन एडवर्ड ग्रे यांनीं पुण्याहून आलेल्या नमुन्यावरून त्याचें वर्णन केलें आणि मुंबई इलाख्यांतले डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचें नांव त्याला दिलें. मांसासाठीं पकडून पकडून तें इतकें विरळ झालें आहे कीं तीस वर्षांत त्याची संख्या नव्वद टक्क्यांनीं घटली असावी, असा अंदाज सरकारनें त्या वेळीं मांडला. २०१३ सालीं तें दुसऱ्या परिशिष्टांत आलें होतें. पनामाला प्रस्ताव मंजूर होऊन २०२३ च्या फेब्रुवारींत तें पहिल्यांत गेलें. पुण्यांत सांपडल्यापासून दीडशें वर्षें झालीं होतीं. ग्रे यांनीं त्याला ट्रायोनिक्स म्हटलें होतें. परिशिष्टांत मात्र तें निल्सोनिया लीथी या नांवानें शोधावें लागतें.