झाशीचा किल्ला आणि कोळशाचा फिल्टर

झाशीला पोस्टिंग आली की मराठी अफसर पहिल्याच रविवारी किल्ल्यावर जातो. मीही गेलो. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' वाचलेलं, त्यामुळे १८५८ चा वेढा डोळ्यांसमोर होता. बुरुजावर पोहोचेपर्यंत बाटली रिकामी झाली आणि वाटलं, अकादमीत आपण लढायांचा इतिहास शिकलो, पाण्याचा शिकलोच नाही.

बंडानंतर बसलेल्या रॉयल सॅनिटरी कमिशनने १८६३ साली हिशेब मांडला : हिंदुस्थानात गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ मरत, त्यातले बहुतेक आजाराने. पटकी आणि हगवण गोळीपेक्षा भारी होत्या. मग बराकींत हाडांच्या कोळशाचे फिल्टर आले. पाणी नितळ दिसे, वासही जाई. सगळे निर्धास्त झाले.

१८८० च्या दशकात पर्सी फ्रँकलंड यांनी जंतू मोजले. नवा कोळसा जंतू अडवत होता. जुना झाला की आत गेले त्याहून जास्त बाहेर येत होते. कोळशाच्या छिद्रांत त्यांनी घर केलं होतं. इथून जवळच, आग्र्याला, हॅन्किन साहेबांनी पुढे विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला. तीच आपली 'लाल दवा'.

गंमत पुढेच आहे. १९६०-७० च्या दशकांत जर्मनीतल्या जलकेंद्रांत दिसलं, की कोळशावरचे हे जंतू कामाचेही आहेत. आधी ओझोन सोडायचा. तो पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचे बारीक तुकडे करतो. कोळशावरचे जंतू ते खातात. त्यामुळे कोळसा जास्त काळ टिकतो, पुढे क्लोरीन कमी लागतं आणि पाइपातल्या जंतूंना अन्न उरत नाही.

मग बराकीतला फिल्टर घातक आणि हा उपयोगी, असं का? इथे पाणी वाहतं राहतं, थर वेळेवर उलटा धुतला जातो, नमुने तपासतात आणि शेवटी क्लोरीन चुकत नाही. बराकीत यातलं काहीच नव्हतं.

हे मी पुस्तकातून आधी शिकलो नाही. एका जुन्या पोस्टिंगवर लंगरबाहेरच्या फिल्टरचा कोळसा कित्येक महिने बदललेला नव्हता. पाणी काचेसारखं होतं. आठवड्यात अकरा जवान एमआय रूममध्ये. त्या फिल्टरसमोरून मी रोज जात होतो. एकदाही विचारलं नाही, की हा शेवटचा कधी बदलला?

आता कुठेही चार्ज घेतला की शस्त्रागारानंतर मी वॉटर पॉइंट बघतो. माजी सैनिक मित्रांनो, तुमच्या घरच्या फिल्टरवर तारीख लिहिली आहे ना?

जय हिंद.