‘इंग्रज’ की ब्रिटिश? : छत्तीसगडच्या संदर्भात एका संज्ञेचा विचार

मराठी इतिहासलेखनात पेशवाईनंतरच्या सत्तेला सरसकट ‘इंग्रजी राज्य’ म्हटले जाते. ही संज्ञा रूढ असली तरी अपुरी आहे. १ मे १७०७ रोजी इंग्लंड व स्कॉटलंड यांचे एकीकरण झाले आणि १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडही त्यात सामील झाले. भारतात विस्तारलेली सत्ता या संयुक्त राज्याची होती. १७०७ हेच औरंगजेबाच्या मृत्यूचे आणि शाहूंच्या सुटकेचेही वर्ष होय. हा योगायोग असला तरी तौलनिक अभ्यासाला तो उपयुक्त ठरतो.

स्कॉटलंडमधील अनेक घराण्यांना साम्राज्यातील सेवेने नवी क्षेत्रे मिळाली, आणि त्यामुळे एकीकरणाला बळकटी आली. मराठ्यांच्या इतिहासाशी निगडित नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. नागपूरचे रेसिडेंट व पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले एल्फिन्स्टन, इतिहासकार ग्रँट डफ आणि नागपूर संस्थान खालसा करणारे डलहौसी हे तिघेही स्कॉट होते. १८१८ ते १८२५ या काळात छत्तीसगडचा कारभार पाहणारे पॅट्रिक व्हान्स अ‍ॅग्न्यूही स्कॉटच. मात्र ‘इंग्रज’ या एका शब्दाने हा भेद पुसला जातो.

या प्रश्नाची दुसरी बाजू मराठी अभ्यासकांना अधिक अडचणीची आहे. शाहूंच्या राज्यातही सरदारांना एकत्र ठेवणारे एक सूत्र म्हणजे चौथाईच्या हक्कांची आणि नव्या मुलखाची वाटणी होते. रघुजी भोसले यांचा पूर्वेकडील विस्तार याच व्यवस्थेतून झाला. १७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपूरच्या हैहयवंशी राज्याला नमविले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरी राहून राज्य करू लागले. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर प्रदेशाचा प्रत्यक्ष कारभार सुभेदारांकडे गेला आणि सत्तेचे केंद्र नागपूरला सरकले. दोन्ही संघटनांची घटना, साधने व आवाका भिन्न होता. तथापि बाहेरील लाभावर आतील ऐक्य तोलण्याची रीत उभयतांत दिसते.

अ‍ॅग्न्यूंचा छत्तीसगडविषयक अहवाल १८२० चा, तर रिचर्ड जेंकिन्स यांचा नागपूर राज्यावरील अहवाल १८२७ चा. कंपनीच्या कारभारासाठी लिहिलेल्या या अहवालांत मागील राजवटीचे दोष दाखविण्यात नव्या व्यवस्थेचे समर्थनही अंतर्भूत होते. म्हणून त्यांचे वाचन सावधपणे व्हावयास हवे. पण ही सावधगिरी म्हणजे सुभेदारी अंमलाचे निर्दोषत्व नव्हे. ग्रँट डफ यांच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद ‘बखर’ या परिचित नावाने अवतरला आणि नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ मध्ये त्याची चिकित्सा केली. मराठी इतिहासदृष्टीच्या घडणीत या चिकित्सेचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र या वादाचे दोन पक्ष होते परकी इतिहासकार आणि मराठी वाचक. भोसल्यांना कर देणारा छत्तीसगडी रयतवर्ग त्यात पक्षकार नव्हता.

तिसऱ्या रघुजींचे १८५३ मध्ये औरस पुत्रावाचून निधन झाले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. नागपूरच्या दृष्टीने हा स्वराज्याचा अंत. छत्तीसगडच्या दृष्टीने एका बाहेरील सत्तेकडून दुसरीकडे झालेले हस्तांतर. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे फाशी गेलेले सोनाखानचे वीर नारायण सिंह यांचे स्मरण या तिसऱ्या दृष्टिकोनाची आठवण देते.

नागपूर-रायपूर मार्गावरील ग्रेट ईस्टर्न रोड भिलाईत सुपेल्यातून जातो. पोलाद कारखान्याच्या उभारणीनंतर भिलाईत देशभरातून लोक आले. त्यांत मराठी भाषकही होते. तेथे मराठीतून साम्राज्याचा इतिहास अभ्यासताना वाचकाचे स्थान दुहेरी असते : जितांचे आणि पूर्वीच्या जेत्यांचेही. ‘इंग्रज’ या संज्ञेची फेरतपासणी केवळ पारिभाषिक काटेकोरपणासाठी नव्हे. परक्या संघाची अंतर्रचना उलगडली की आपल्या संघाची रचनाही त्याच निकषावर तपासणे भाग पडते, आणि छत्तीसगडी साधनांवाचून ती तपासणी पूर्ण होऊ शकत नाही.